दोन मिनिटं शांतता

कसबा पेठेत मी कीर्तनाला जागा धरून बसले होते. कीर्तनाआधी, कोरोनात गेलेल्या गल्लीतल्या माणसांच्या स्मृतिशिळेचं अनावरण होतं. पुढ्यात वासंतीकाकू आणि मंडळाचे श्रीनिवासराव बोलत होते.

"अनावरण झालं की दोन मिनिटं शांतता, काकू."

"शिळेवर आमच्या ह्यांचं नाव आहे ना? मग शांतता नको."

"अहो, तशी पद्धत असते."

"असेल. हे कीर्तनात बुवांच्याही आधी बोलायचे."

"अख्ख्या पेठेनं ऐकलंय ते."

"घरात आम्ही गप्प बसायचो ते फक्त भांडल्यावर. आज गप्प उभी राहिले, तर त्यांना वाटेल, मी अजून रुसलेय."

"मग काय करू म्हणता?"

"विठ्ठलाचा गजर करा. तुम्हीच सुरुवात करा."

"माझा आवाज फार बेसूर आहे हो."

"बरं झालं. ह्यांचाही तसाच होता."