लिनक्समंदी व्हायरस नाई येत म्हने!

नाई नाई, तुमीच सांगा मले, नेटची वायर भिंतीतून येऊन राह्यली, टेबलाखालून जाऊन राह्यली, कम्प्युटरच्या बुडात मी सोताच्या हातानं खुपसली, खट्ट करून आवाज बी आला... आन् हा कम्प्युटर मले म्हन्ते, वायरच नाई! अबे, नाई कशी? वायर निंघाली म्हनला असता तं समजलो असतो. हा म्हन्ते, मले वायर लावाले जागाच नाई! म्हंजे आपल्या नाकाले हात लावून मानसानं म्हनावं, मले नाक नाई, तशातली गत!

आन् हे ध्यान बसवलं कोनं? आमच्या साळ्यानं! दिनेश त्याचं नाव. राह्यते पुन्याले. दिवाळीले आला, आमच्या विहाराच्या बाजूच्या अभ्यासिकेत घुसला, ती मी सांभाळतो, तिथला एकच कम्प्युटर, चांगला सुदा चालून राह्यला होता. यानं पाह्यलं आन् असं तोंड केलं जसं डाळीत झुरळ सापडलं. "अहो भाऊजी, अजून विंडोजच वापरता? थांबा, मी लिनक्स टाकून देतो. अगदी हलकं असतं. आणि मुख्य म्हणजे, लिनक्समध्ये व्हायरस येत नाही!" मी म्हनलं बावा, आमच्या कम्प्युटरले काई रोग झाला नाई. तं म्हने, होईल न! फराळाचं ताट मांडीवर आन् एका हातानं यानं विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं. जाताना सांगून गेला, "रात्री बंद नका करत जाऊ भाऊजी, नुसता सस्पेंड करा. झोपतो तो. सकाळी बटण दाबलं की लगेच जागा." कर्ता का मंग! मी रोज संध्याकाळी त्याले झोपवत होतो. अंगाई म्हनाची तेवढी बाकी होती.

बरं, रोज पडलं असतं बंद तं मी कायले बोंबललो असतो? पन पडलं कधी? ज्या दिवशी दिव्यानीचा इंटरव्ह्यू, त्याच दिवशी! दिव्यानी म्हंजे आमच्या गावातल्या अंजनाबाईची पोट्टी. वनस्पतीशास्त्रात एमेस्सी केलं तिनं, गडचिरोलीले खोली करून. आन् हैदराबादच्या कोन्त्या तरी मोठ्या संस्थेत संशोधनासाठी तिचं नाव लागलं होतं, आता फक्त कम्प्युटरवर तोंड दाखवून मुलाखत द्याची. आता तुमी म्हनान, मोबाईलवर काऊन नाई दिली? अहो, आमचं गाव धानोऱ्याच्या बी आत, जंगलात. मोबाईलची रेंज फक्त अभ्यासिकेच्या गच्चीवर, ते बी पान्याच्या टाकीले खेटून उभं राह्यलं तं. बोलनं होते. चेहरा पाठवाचा म्हनलं का तो अर्ध्यातच अडकते, एक डोळा उघडा, एक बंद. अशा थोबाडाले कोन निवडीन?

तं सकाळी दिव्यानी आली, इस्त्रीचा कुर्ता घालून. मांगं अंजनाबाई, नव्या लुगड्यात. मी ऐटीत बटन दाबलं. जागा झाला! आन् नेट गायब.

गच्चीवर पयालो. दिनेशले फोन. "भाऊजी, अगदी सोपं आहे! टर्मिनल उघडा." उघडलं. काळी खिडकी, त्यात एक रेघ लुकलुकून राह्यली. "आता कमांड टाका, आय पी, स्पेस, लिंक." अरे, मी गच्चीवर, कम्प्युटर खाली! मंग खाली धावलो, टाकलं, वर धावलो, सांगतलं. "फक्त एलओ दिसते बावा." "अच्छा, म्हणजे लूपबॅक. त्यातून कम्प्युटर फक्त स्वतःशीच बोलतो." म्हनलं, तुयाच वळनावर गेला म्हंजे! "बरं, आता एलएसपीसीआय टाका." खाली. टाकलं. सारी यादी आली, आवाजवाला हाय, चित्रवाला हाय, पेनड्राईववाला हाय... इथरनेट, म्हंजे नेटच्या वायरवाला, तेवढा नाई! पुन्हा वर. धापा टाकत म्हनलं, नाई दिसत. तं म्हन्ते कसा, "मग ड्रायव्हर नसेल. नेटवरून डाऊनलोड करून घ्या."

ऐकलं का? नेटवरून! नेट नाई म्हनून ड्रायव्हर पायजे, आन् ड्रायव्हर कुठी हाय तं नेटवर! विहिरीत पडलेल्याले सांगाचं, बाजारातून दोर घेऊन ये! मी म्हनलं, दिनेश, पोट्टीचा इंटरव्ह्यू हाय बे! तं शांतपने म्हन्ते, "घाबरू नका भाऊजी, निदान व्हायरस तरी नाही. लिनक्समध्ये व्हायरस येत नाही." अरे, इंटरनेटच येत नाई तं व्हायरस येईन कोन्त्या रस्त्यानं? एस्टीनं?

खाली आलो तं अंजनाबाई दारात. "भेटला का जी, भाऊ?" "कोन?" "तोच डायवर, जो हरवला म्हन्ता." म्हनलं, नाई जी, शोधून राह्यलो. "मंग वर कायले जाऊन राह्यले? हरवला तं खाली न?" काय सांगू आता या बाईले! आन् तिचं चुकलं तरी काय?

तेवढ्यात गुणवंतराव आले. उभा जन्म ऊर्जानगरात गेला, वीजकेंद्रातून रिटायर होऊन गावात परतले, पन गावात बल्ब जरी गेला तरी हे निदान कराले हजर. कम्प्युटरकडे पाह्यलं बी नाई. डायरेक्ट भिंतीकडे पाहून म्हनले, "नागसेन, अर्थिंग पाह्यलं का?" म्हनलं, साहेब, नेट नाई येऊन राह्यलं. "तेच म्हनतो! आमी प्लांटात होतो तवा अर्धे रोग अर्थिंगचे निंघत." आन् हा मानूस बादली घेऊन अभ्यासिकेच्या मांगं गेला आन् अर्थिंगच्या खड्ड्यात पानी ओतत बसला! झाडाले घालावं तसं! खारं पानी पायजे म्हने. मीठ मांगून राह्यला माह्याजवळ! मी तिकडे नेट शोधू का मीठ?

पवनले बोलावलं. पवन म्हंजे आमचा वायरवाला, गावात नेट त्यानंच ओढलं. आला, बुटातच आत घुसला, भिंतीवरच्या डब्बीकडे बोट दाखवलं. "हिरवा लाईट लुकलुकून राह्यला का नाई, भाऊ?" हाव. "मंग माह्या बाजूनं क्लियर हाय." आन् निंघाला! अबे थांब, माह्या बाजूनं नाई न क्लियर! म्हनलं, उलीसं पाहून तं घे. तं पिन कापली, नवी बसवली, दाबली, म्हने, "आता बी माह्या बाजूनं क्लियर हाय." मंग स्क्रीन पाह्यला. "हे कोन्तं हाय बे? विंडोज नाई? लिनक्स? छ्या छ्या छ्या..." अशी मान हालवली जसा डॉक्टर हालवते, घरच्याले बोलावून घ्या म्हनाच्या आंधी.

पुन्हा गच्चीवर. दिनेश म्हने, "सुडो लिहा, पुढे मी सांगतो ते, मग पासवर्ड." खाली आलो, सुडो लिवलं, पासवर्ड दाबून राह्यलो तं काई दिसतच नाई! ठिपका नाई, चांदनी नाई. मले वाटलं कीबोर्ड बी गेला. वर गेलो. "अहो, दिसत नाहीच तो! सुरक्षेसाठी!" अरे, कोनापासून सुरक्षा? अंजनाबाईपासून? पन काय करता, लिनक्समंदी व्हायरस नाई येत न!

मी रिस्टार्ट केलं. तसंच. पुन्हा केलं. तसंच. आन् मंग, माह्यावाल्या नशिबात हेच कमी होतं, लाईन गेली. पंखा बंद. कम्प्युटर काळा. पवनची हिरवी बत्ती बी गुल. आता कोनाच्याच बाजूनं क्लियर नोतं.

दिव्यानी तोवर कोपऱ्यात बसून होती. मी तिच्याकडे पाहूच शकलो नाई, खरं सांगतो. एवढ्या वर्षांचं शिकनं, आन् ते अडकलं कुठी तं माह्या साळ्याच्या फराळात! म्हनलं, आता रडन पोट्टी. तं ती उठली, माह्या हातातून फोन घेतला, म्हने, "काका, तुमी दिनेशमामाले फोन लावनं बंद करा. मले लावू द्या." आन् चढली गच्चीवर. टाकीले पाठ लावून उभी राह्यली आन् डायरेक्ट हैदराबादले फोन! तिथल्या म्याडमले हिंदीत सांगतलं, "म्याडम, मैं गडचिरोली के जंगल से बोल रही हूँ, यहाँ नेट भी गया, बिजली भी गई. मैं तैयार हूँ, बस मशीन तैयार नहीं है." तिकडून ती बाई हासली. म्हने, ठीक है, तुमको सबसे आखिर में लेंगे.

एवढं सोपं! आमी तीन बापे सकाळपासून खालीवर करून राह्यलो होतो, बादल्या ओतून राह्यलो होतो, पन तिकडे एक फोन करून थांबा म्हनावं, हे एकाले बी नाई सुचलं.

दुपारी लाईन आली. मी मन मारून बटन दाबलं. आन् तुमाले सांगतो... कोपऱ्यात नेटचं चिन्ह! आपोआप! कमांड नाई, सुडो नाई, मीठ नाई!

दिव्यानीले बसवलं, दार लोटलं, आन् आमी सारे बाहेर. मोहाच्या फुलावर रात्री वटवाघूळ कसं येते, हे ती सांगून राह्यली होती, इंग्रजीत, थांबत थांबत, पन सांगून राह्यली होती. मंग तिकडून कोनंतरी काई इचारलं आन् ती हासली. अंजनाबाईनं माहा हात धरला. "हासली जी, भाऊ. घरी तं इंटरव्ह्यूचं नाव काढलं का रडत होती." आन् सोता पदर डोळ्याले. पोट्टी निवडली गेली, महिन्याच्या आत गेली बी हैदराबादले.

आता श्रेय कोनाचं? गुणवंतराव म्हन्ते, "पाह्यलं? पानी मुरलं तवा चाललं. अर्थिंग!" पवन म्हन्ते, "पिन कोनं बदलली?" आन् दिनेशनं तं रात्री शोधूनच काढलं. "भाऊजी, सस्पेंड केल्यावर नेटचं कार्ड झोपलं ते उठलंच नाही. अशा वेळी रिस्टार्ट करून उपयोग नाही, मेन लाईनच काढून थोडं थांबायचं असतं. लाईट गेली म्हणून सुटला प्रश्न!" म्हनलं, लेका, हे सकाळी काऊन नाई सांगतलं? "सुचलं नाही. पण बघा, व्हायरस नव्हताच!" मी फोन ठेवला. बायकोचा भाऊ हाय, ठेवनंच परवडते.

पन खरा घात पुढं झाला. गावात बातमी पसरली का कम्प्युटर नागसेननं दुरुस्त केला. परवा गावातल्या बापूरावचा निरोप, बोअरवेलची मोटर चालून नाई राह्यली, या. म्हनलं, मले मोटरीतलं काई नाई समजत जी. "तुमी हात तं लावा!" गेलो. काय करन, जे एकच येते ते केलं. मेन लाईन काढली, उलीसा थांबलो, लावली... आन् मोटर चालू झाली हो! पानी आलं! सारे टाळ्या वाजवून राह्यले आन् मी कपाळाले हात लावून बसलो. बंद राह्यली असती तं सुटलो असतो न, बाप्पा!