संत्र्याखालचा खड्डा

(दक्षिण ब्राझीलमधली एक जुनी जर्मन वसाहत, १९४२. नाचघराचं मागचं दार, सकाळ.)

ओटिलिया : तुम्ही फक्त ठाण्यावर यायचं, भावोजी. जे झालं तेवढंच बोलायचं.

बाल्दुइनो : हळू, वहिनी. जर्मन बोलायला बंदी आहे, आणि दार उघडं आहे.

ओटिलिया : मला पोर्तुगीज येत नाही. तुमच्या भावालाही येत नाही, म्हणून तर परवापासून आत आहे तो. फौजदार विचारतो, वायरलेस कुठे पुरलास? लिंडोल्फ सांगतो, बाटली पुरली. सांगतो जर्मनमध्ये. आणि दर जर्मन शब्दाला ते त्याला इंजिनाचं तेल पाजतात.

बाल्दुइनो : कुणी सांगितलं तुम्हाला?

ओटिलिया : काल दुसरा सदरा द्यायला गेले होते. अंगावरचा परत आणला. छातीपर्यंत काळा आहे. सांगायला आणखी कुणी कशाला लागतं?

बाल्दुइनो : आणि मी त्या माणसाला काय समजावू?

ओटिलिया : आपल्या आजोबांपासून चालत आलंय ते. चर्चचा वाढदिवस, म्हणजे केर्ब. तीन दिवस नाच. शेवटी भरली बाटली पुरायची, भोवती उभं राहून मयतावर रडावं तसं खोटंखोटं रडायचं, आणि पुढच्या वर्षी ती उकरून सण उठवायचा. यंदा नाच नाही, बाजा नाही. चारच जण होते, तुमच्या आवारातल्या संत्र्याखाली.

बाल्दुइनो : युद्ध चाललेलं असताना, पांढऱ्या मिशांची चार माणसं अंधारात एका बाटलीसाठी रडतात. राजधानीतून बदलून आलेल्या फौजदाराच्या जागी तुम्ही असतात, तर बसला असता विश्वास?

ओटिलिया : बाटली दिसली असती तर बसला असता. त्यांनी खणलं, भावोजी. माती ताजी आणि खड्डा रिकामा. ते म्हणतात, यंत्र हलवलं. कुठे हलवलं ते आता त्याच्याकडून काढून घेतायत. जर्मनी नकाशावर दाखव म्हटलं तर दाखवता यायची नाही त्याला.

बाल्दुइनो : मी काढली ती.

ओटिलिया : वाटलंच होतं. त्या आवाराची किल्ली आणखी कुणाकडे आहे?

बाल्दुइनो : सगळे गेल्यावर काढली, नदीत टाकली. भीती वाटली हो. दारावरची पाटी बदलली, बाल्दुइनचा बाल्दुइनो झालो. बाबांच्या थडग्यावरची जर्मन अक्षरं या हातांनी सिमेंट भरून बुजवली. वाटलं, जमिनीत आपलं काहीच उरलं नाही, तर सापडणार तरी काय?

ओटिलिया : मग हेच सांगा त्याला. भ्यालेला माणूस त्याला रोज दिसतो. पटेल.

बाल्दुइनो : म्हणजे बंदी असलेला सण माझ्या आवारात झाला आणि पुरावा मी बुडवला. नाचघराला कुलूप, आणि लिंडोल्फशेजारी मी. तो सुटेलच असंही नाही.

ओटिलिया : नाही, तशी खात्री नाही.

बाल्दुइनो : दुसरी बाटली देतो. हुबेहूब तशीच. म्हणा, गोठ्यात सापडली.

ओटिलिया : कुठल्या भाषेत म्हणू?

बाल्दुइनो : (दार ओढून घेत) हळू, वहिनी.

ओटिलिया : किल्ली कुणाकडे असते ते लिंडोल्फलाही ठाऊक आहे. त्याने नाव घेतलं असतं, तर तुम्ही आज या दारात उभे नसतात.

बाल्दुइनो : माझ्याच्यानं नाही होणार, वहिनी. मला शिव्या घाला हवं तर.

ओटिलिया : शिव्यांना वेळ नाही. शिकवा मला. बाटलीला काय म्हणतात ते?

बाल्दुइनो : गर्राफा.

ओटिलिया : गर्राफा. आणि नदीला?

बाल्दुइनो : रिओ. नदीचं नका काढू, वहिनी. ते विचारतील, कुणी टाकली.

ओटिलिया : विचारू देत. 'मी' कसं म्हणायचं?

बाल्दुइनो : तुम्हाला आत घेतील.

ओटिलिया : 'मी' कसं म्हणायचं, भावोजी?

बाल्दुइनो : एऊ.

ओटिलिया : एऊ. गर्राफा. रिओ. आता 'पुरे करा' सांगा.

बाल्दुइनो : ते कशाला?

ओटिलिया : ते सगळ्यात आधी लागेल. दारातूनच.