काढ नं वो एखादी शंका

माईक तोंडासमोर असताना घाबरलं तर काय होते, ते मले विचारा. बेंगळुरूले परिषद होती, शरीरात बसवलेल्या धातूवर पेशी कशा चिकटतात त्याची. नव्या संशोधकांसाठी वेगळं सत्र होतं. आपण बोलायचं अन् मोठ्या शास्त्रज्ञांनी सांभाळून घ्यायचं. धातूवर मी दिलेल्या नव्या थराबद्दल मी इंग्रजीत बरी बोलली. मंग अध्यक्ष असलेल्या म्हाताऱ्या सरांनी इंग्रजीतच विचारलं, "या थरावर पेशी टिकत का नाहीत?" माह्या तोंडातून निघालं, "आता मले काय मालूम जी!"

सर माईकवरच म्हणाले, "काहून नाही मालूम वो? कोणत्या गावची तू?"

"साकोलीजवळच्या एकोडीची जी."

"मी आंधळगावचा. भंडाऱ्याचाच."

चहाच्या वेळी ते माहा पेपर तपासून द्यायले तयार झाले. मी ई-मेल मागितला, तर म्हणाले, "मेल नको, फोन करजो. माय गेली तवापासून माह्यासंगं असं कोणी बोलत नाही."

तवापासून दर रविवारी मी शंका विचारते. पेपर कवाचाच छापून आला. मागच्या रविवारी म्हटलं, "सर, आज काही शंका नाही जी."

ते हळूच म्हणाले, "काढ नं वो एखादी."