धोंडीरामकाकांचा पुरावा

मुंबईच्या एसटीसाठी कोल्हापुरात रांग लागली होती. रांगेत उभ्या नंदिनीताईंचा सोमवारचा जप चालू होता. त्यांच्या मागे तातडीच्या विभागातली डॉक्टर आणि साप चावून वाचलेला तिचा पेशंट बोलत होते.

"धोंडीरामकाका, उद्या आरोग्यमंत्र्यांपुढं आम्ही डॉक्टर मागणी मांडणार. राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात चोवीस तास डॉक्टर आणि सापावरची लस हवीच. मग तुम्ही बोलायचं."

"मला न्हाय जमायचं, मॅडम. काय बोलू?"

"तीन दवाखाने फिरलात ते."

"पयल्यात डाक्टर न्हवता, दुसऱ्यात लस न्हवती, तिसऱ्यात तुम्ही हुता. झालं की!"

"बघा, जमलं! फक्त ते पुरावा मागतील. सूज कुठवर चढली ते कळायला तिन्ही दवाखान्यांत नर्सनं तुमच्या हातावर पेनानं रेघ मारून वेळ लिहिली होती. त्याचे कागद घेतलेत मी."

"कागद ऱ्हाऊ द्यात. लेकीनं हाताचा फोटो काढलता. त्यो दावून जोतिबाला गोंदून घेतल्या की रेघा. ह्या बघा, टायमासकट!"

"अहो काका!"

"कागद हरवतोय, मॅडम. हात कसा हरवंल?"

गाडी लागली. नंदिनीताईंनी मागे वळून काकांच्या हातावरच्या रेघा पाहिल्या, जपमाळ कपाळाला लावली आणि त्या बाजूला सरल्या.

"पाहुणे, आधी तुम्ही चढा."