कापडाखालचा सौदा

आमचं गाव गोदावरीच्या काठी, सोनपेठहून लांब न्हाई, पण नाव नका लिहू, त्या गावाचं नाव माझ्या तोंडातून निघत न्हाई. नामांतराच्या जाळपोळीत बौद्धवाड्यातली घरं गेली, त्यात आमचं बी गेलं, मला तवा नुकतं मिसरूड फुटलेलं, माय अन् मी सोनपेठला आलो ते आलोच. एका मुसलमान उस्तादाच्या गॅरेजात त्येच्या हाताखाली पाने धरायला लागलो. उस्ताद शिव्या लय द्यायचा, पण आपल्याच ताटात जेवायला बसवायचा. तो गेला अन् मी स्टँडामागं माझं स्वतःचं मोटारसायकलचं काम सुरू केलं, उघड्यावरच, वर नुस्ती ताडपत्री.

तर ती गाडी. काय सांगू तुमाला, देशमुखांच्या अण्णासाहेबांनी नवी कोरी आणली, जपानी बनावटीची साडेतीनशे, दोन सायलेन्सर, सहा गेर, चालू झाली की स्टँडावरची माणसं बोलायची थांबायची. पेट्रोल प्यायची ते विचारूच नका, अन् नखरे तर त्याहून जास्ती, जरा हवा बदलली की रुसली. ती सांभाळली मी. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई. रिपेर झाली की ट्रायलला मी पुढं अन् अण्णासाहेब मागं, पाथरी रोडला जरा पिळली की दोन्ही हातांनी माझं पोट गच्च धरायचे, किसन हळू, किसन हळू म्हणायचे. तवा न्हाई बाटले ते. हे लिहा, नीट लिहा.

पुढं कंपनीनं ती गाडी काढायचीच बंद केली, मग पुण्या-औरंगाबादचे शौकीन लोक तिला हुडकत यायला लागले. अण्णासाहेबांना राजकारणात उतरायचं व्हतं, जीप पायजे व्हती, म्हणून गाडी विकायची ठरवली. मी म्हणलं, मालक, मला घेऊ द्या. हसले. बाजाराच्या दिवशी ये म्हणले, जो जास्ती भाव दील त्याची गाडी. मी गॅरेजच्या जागेसाठी जमवलेलं सगळं काढलं, बायकोनं आपणहून गळ्यातली पोत दिली, म्हणली एकदा तरी मनासारखं होऊ द्या तुमच्या. तिच्यावर बसून त्या गावातून एक चक्कर मारायची व्हती मला, जिथं आमचं घर जळालं तिथून. खोटं कशाला बोलू, बाकी काई नव्हतं मनात.

आता आमच्याकडं बैलबाजाराची रीत अशी हाय की भाव तोंडानं बोलत न्हाईत. हातावर कापड टाकायचं, खाली एकमेकाची बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा, बघणाऱ्याला काई कळत न्हाई. अण्णासाहेबांनी गाडी बी तशीच विकायला काढली, लिंबाखाली उभी केली अन् खुर्ची टाकून बसले. परभणीचा एक ठेकेदार आला, त्येचा हात कापडाखाली. जिंतूरकडचा एक आडत्या आला, त्येचा बी हात कापडाखाली. माझी पाळी आली, मी हात पुढं केला, तर त्यांनी कापड उचलून आपल्या खांद्यावर टाकलं.

किसन, तू तोंडानंच सांग, म्हणले.

सगळा बाजार बघायलाय अन् माझा हात तसाच पुढं. पोटाला मिठी मारायला चालत व्हतं, बोटाला बोट लावायला चालंना. अंगाचा नुस्ता भडका उडाला, पण गाडी पायजे व्हती ना, म्हणून सांगितला भाव. तिथंच फसलो. माझा भाव सगळ्यात वर व्हता, त्या दोघांच्या तोंडावरूनच कळालं, पण आता तो आख्ख्या बाजाराला ठाऊक झाला. ठेकेदारानं पुन्यांदा हात घातला कापडाखाली, कितीसा चढवला ते त्येंचं त्येंला माहीत, अन् गाडी त्येची झाली. म्हणलं मालक, मी बी चढवतो. तर म्हणले, झालेला सौदा मोडत न्हाईत. वा रे तुमची रीत.

ठेकेदार किका मारून मारून घामाघूम झाला, गाडी काई चालू हुईना. तवा अण्णासाहेबांना किसन आठवला, ये की बघ जरा म्हणले. म्हणलं, तुमचे हात चांगले हायत, तुमीच करा. बैलगाडीत घालून नेली त्यांनी ती जपानी गाडी. घरी आलो, पोत बायकोच्या हातात दिली, तिनं ती परत गळ्यात घातली.

मग त्याच पैशात ही जागा घेतली. इथं जुन्या गाड्या बी विकायला ठेवतो, पण माझ्याकडं कापड न्हाई, भाव मोठ्यानं सांगायचा, चार माणसांत, मग कुणी बी असो. औंदा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आमी पेढे वाटले, अन् त्याच्या मागंच अण्णासाहेब आले, इलेक्शनला पडलेले, जीप विकायची म्हणून. मला बाजूला घेऊन कानात भाव सांगायलेत. म्हणलं, मोठ्यानं सांगा. सांगितला, खाली बघून. मला वाटलं आता तरी राग निवंल. न्हाई निवला. एवढ्याशानं कुठं निवतोय तो.

आता मी मेल्यावरच जाईल म्हणा. ती गाडी मातर जिथं असंल तिथं चांगली चालू दे. तिच्यावर माझा राग न्हाई.