गोळी नसलेल्या लढाईत गेलेला नारायण

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, आणि तिकडे दाराजवळ खाली बसलेल्या ठमाकाकी,

मला सभेत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलं आहे. चार वेळा उतरवून काढलं, तरी वाचताना अडखळेन. सांभाळून घ्या.

आपला नारायण गेला. आज एकवीस दिवस झाले. आपल्या कोपरी गावाचा हवाई दलातला पहिला पोरगा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे माझी शाळा सुटली, त्याची सुटली नाही. तो विमानात गेला, मी या वाचनालयात पेपर लावायला राहिलो. त्याची पत्रं इथे माझ्या नावावर यायची. ती त्याच्या आईला, म्हणजे काकींना वाचून दाखवायची, काकी सांगतील ते उत्तर लिहायचं, हे माझं काम.

कोरियात लढाई चालू होती ते आठवतं ना? याच ओट्यावर मी पेपर मोठ्याने वाचायचो. जेट विमानांच्या बातम्या असल्या की सगळे पुढे सरकायचे. काकी मिठागरावरून येताना रस्त्यातच थांबायच्या. डोक्यावरची पाटी तशीच. "आज किती परली रे?" मी पडलेल्या विमानांचा आकडा सांगायचो. "त्यात आपलं येकबी नाय ना?"

"नाही काकी. आपली लढाऊ विमानं तिथे गेलेलीच नाहीत."

ते खरं होतं. पेपरात पाहूनच सांगत होतो.

ती लढाई थांबली तेव्हा काकींनी अख्ख्या आळीत साखर वाटली. धोंडूमामा हसले होते. "ठमे, कोरियात तुझा कोन गं?" काकी म्हणाल्या, "कोनाचा तरी हाय ना."

मग नारायणाचं पत्र आलं, की मी आता जेटवर आहे, आम्ही रोज लढाईचा सराव करतो. मी वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, "लराई संपली ना? मंग ह्यो कोनाशी लरतंय?"

मी तसंच लिहून विचारलं. नारायणाने उत्तरात दोन विमानं काढून पाठवली, एकाच्या शेपटीमागे दुसरं. आमच्याच लोकांशी लढतो, म्हणाला. जो मागे जाऊन बसेल तो जिंकला. गोळी नसते. बटण दाबलं की फोटो निघतो. खाली उतरल्यावर फोटो बघायचे, कोण मेला ते ठरवायचं, आणि मेलेल्याने मारणाऱ्याला चहा पाजायचा.

काकी किती हसल्या होत्या! "म्हंजे मेलेला चाय पाजतंय?"

"हो काकी. खोटी लढाई. खोट्या लढाईत कोणी मरत नाही."

हे पत्रात नव्हतं. हे मी माझ्या मनाचं सांगितलं. मंडळी, एवढं वाक्य माझं होतं.

तार आली ती मीच वाचली. इंग्रजी होती. शब्दकोश काढून एकेक शब्द पाहिला. काहीतरी चुकत असेल, म्हणून पुन्हा पाहिला. चुकत नव्हतं. मी ती काकींना सांगितली. त्या म्हणाल्या, "तार दुसऱ्या कोनाची आसंल."

मग ते साहेब आले. त्या दिवशी नारायणाबरोबर उडालेले. नारायणाएवढेच असतील वयाने. नारायणाची ट्रंक आणली, अस्थींचं गाडगं आणलं. आपल्यातले बरेच जण तेव्हा अंगणात होते, पण साहेब हिंदी भराभर बोलत होते म्हणून सगळं कळलं नसेल. ते म्हणाले, आम्ही दोघं एकमेकांच्या मागे लागलो होतो, वळताना पंख पंखाला लागला. मी हवाई छत्रीने उतरलो. त्याला उतरता आलं नाही.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी साहेबांना एकच विचारलं. मला म्हणाल्या, इचार त्याला.

"माज्या नारायनानं तुला चाय पाजला का?"

मी ते हिंदीत विचारलं. साहेब काही बोलले नाहीत. टोपी हातात घेऊन खाली बघत राहिले. काकी माझ्याकडे बघत होत्या. "काय बोलतो त्यो?"

मी काय करणार होतो? तुम्ही काय केलं असतं?

मी म्हणालो, "हो म्हणतात, काकी. पाजला."

त्या दिवसापासून काकी नारायणाची वाट बघत थांबल्या आहेत. दहाव्याला पिंड ठेवू दिला नाही. "जित्या पोराला कावल्याच्या तोंडी देताव?" म्हणाल्या. भटजी खाडीवरून परत गेले. गाडगं अजून पिंपळाला टांगलेलं आहे. त्याच्याखालून रोज आपण जातो आणि वर बघत नाही. सगळे म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. नाही मंडळी. काकींना भ्रम झालेला नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला: चहा पाजला म्हणजे लढाई खोटी, आणि खोट्या लढाईत कोणी मरत नाही. आजवर मी वाचलेलं एकही पत्र खोटं निघालं नव्हतं.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. काकी, साहेब हो म्हणाले नव्हते. ते गप्प होते. हो मी म्हणालो. त्या लढाईतही माणूस मरतो. गोळी नसली तरी मरतो. आपला नारायण मेला.

यापुढे माझ्या कागदावर फार काही नाही. नारायण शूर होता, हुशार होता, असं लिहिलं होतं. ते तुम्हाला माहीत आहे.

आपण दोन मिनिटं उभे राहू. एक विनंती आहे. काकी उठल्या नाहीत तर त्यांना कोणी हात धरून उठवू नका. बसू द्या. त्यांना उठायचं तेव्हा त्या उठतील, आणि गाडगं काढायचं तेव्हा सांगतील. मी पिंपळाखाली थांबेन.

नारायणा, काकींच्या वतीने आम्ही उभे आहोत रे.