पोतंभर नाही, चिमूटभर

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. कुणी आपल्याला आणखी उधार द्यायला तयार झालं, तर बाकीच्या कर्ज देणाऱ्यांच्या नजरेत आपली पत वाढते की घटते? — खांबापाशी बसलेले काका म्हणतात, वाढते. मागच्या मावशी म्हणतात, घटते. थांबा दोघंही. आधी आप्पांची गोष्ट ऐका!

नाशकाकडच्या एका गावात तांबट आळी, तिथं मार्तंडआप्पा तांबट. चाळीस वर्षं हंडे-घंगाळं ठोकली आणि उजवा खांदा गेला! डॉक्टर म्हणाले, हातोडा बंद. आता ठोक्याचं मशीन घ्यायचं, नाहीतर दुकानाला कुलूप. मशीनला हवेत तीन लाख. आप्पा गेले पतसंस्थेत. तिथल्या पाटणकर साहेबांनी कागद पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

का हो? आप्पांनी कधी पैसे थकवले? एकदाही नाही! पण क्रेडिट कार्डाची मर्यादा चाळीस हजार, आणि तांब्याच्या पत्र्यापायी महिन्याला छत्तीस हजार त्यावर. वेळेवर फेडतात, खरं आहे. पण साहेब म्हणाले, बघणाऱ्याला वाटतं हा माणूस काठोकाठ भरलाय, जरा धक्का लागला की सांडेल.

आप्पा खाली मान घालून घरी आले. आणि पंधरा दिवसांत काय झालं? कार्डवाल्या बँकेनं आपणहून विचारलं, मर्यादा दीड लाख करू का? — मागितली नव्हती हो! दारोदार मागत फिरलात तर तेही कागदावर उमटतं, बरं का! — आप्पांनी होकार कळवला.

आता गंमत पाहा. आप्पांच्या घराण्याची रीत अशी, की नवं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती रिकामं द्यायचं नाही. आत तांदूळ टाकायचे. आप्पांच्या मनानं घेतलं — बँकेनं एवढं मोठं भांडं दिलं, ते रिकामं कसं ठेवायचं? अपशकुन! निघाले कार्ड घेऊन टीव्ही आणायला. नव्वद हजारांचा! खांदा दुखतोय, दुकान बंद पडायला आलंय, आणि आप्पा टीव्ही आणतायत! हसू नका. तुमच्याकडे काय काय आलंय, ते मला ठाऊक आहे.

दारात सून उभी, वैजयंता. दुकान आता तीच सांभाळायची. तिनं विचारलं, कुठं निघालात? आप्पांनी रीत सांगितली. ती हसली नाही, भांडलीही नाही. डब्यातून चिमूटभर तांदूळ घेतले आणि समोरच्या नव्या हंड्यात टाकले.

"आप्पा, आपण तांदूळ चिमूटभर टाकतो, पोतंभर नाही. कार्डावर तुमचा पत्रा येतो तेवढाच येऊ द्या. भांडं मोठं झालंय, तर जरा मोकळं दिसू द्या."

आप्पा उंबऱ्यावरच बसले. लाज वाटली हो त्यांना. जन्मभर रीत पाळली, आणि तिचा अर्थ सुनेनं सांगावा!

तीन महिने गेले. कार्डावर छत्तीस हजारांच्या वर एक रुपया चढला नाही. मग आप्पा पुन्हा पतसंस्थेत. साहेबांनी नवा कागद काढला. दीड लाखातले छत्तीस हजार — पाव भांडंही भरलेलं नाही! पत मोजणारा तो क्रेडिट स्कोअरही वर आलेला! पण साहेब पक्के. चष्मा काढून म्हणाले, "आप्पा, उद्या हे दीड लाख एकदम उचललेत, तर आमचा हप्ता कुठून द्याल?"

प्रश्न खोटा नव्हता. मोठ्या मर्यादेची धास्ती दुसऱ्या देणाऱ्याला वाटतेच.

आप्पा म्हणाले, "साहेब, टीव्ही आणायला निघालो होतो. उंबऱ्यावरनं परत फिरलो."

साहेबांनी तीन महिन्यांचे आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि सही केली! आज मशीन ठोके घालतं आणि आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसतात. पत्रा कुठं पातळ झाला, ते नुसत्या आवाजावरून वैजयंताला सांगतात.

तर काका, मावशी, तुम्ही दोघंही बरोबर. मोकळं ठेवलंत तर पत वाढते, भरून टाकलंत तर घटते. उद्या तुमच्याही फोनवर निरोप येईल — अभिनंदन, तुमची मर्यादा वाढली! आनंद माना. आणि घराबाहेर पडण्याआधी एकदा तांदळाचा डबा उघडून बघा.

आता टाळी वाजवा आणि त्या खऱ्या देणाऱ्याचं नाव घ्या — ते मात्र चिमूटभर नको, पोतंभर!